तास रोज भरतो, पण हात पुढे जात नाही

प्रश्न : मी ३९ वर्षांची आहे. वारज्यात राहते, हिंजवडीला नोकरी करते. अडीच वर्षांपूर्वी क्लासिकल गिटार शिकायला सुरुवात केली. दर शनिवारी कोथरूडला सरांकडे जाते. रोज रात्री स्वयंपाकघर आवरून साडेदहाला बसते आणि तासभर वाजवते. सहसा खाडा होत नाही. तरी गेले सहा महिने फर्नांडो सॉर या जुन्या स्पॅनिश संगीतकाराच्या बी मायनर स्टडीत, म्हणजे सरावासाठीच्या एका रचनेत, अडकले आहे. आठ बार, म्हणजे नोटेशनच्या उभ्या रेघांमधले आठ तुकडे, बरे जातात, नवव्याला हात थांबतो, मग पुन्हा पहिल्यापासून. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायलाही लागलंय. घरी जे येतं ते सरांसमोर येत नाही. माझा बारा वर्षांचा मुलगा माझ्यानंतर शिकायला लागला आणि माझ्या पुढे गेला. सर म्हणतात, यंदा ट्रिनिटी कॉलेज लंडनची ग्रेड ३ ची संगीत परीक्षा द्या. सासूबाई म्हणतात, एवढे दिवस शिकतेस, एक ओळखीचं गाणं तरी वाजवून दाखव. माझ्या वयाला हे जमण्यासारखं नाही का? सोडून द्यावं का?
— एक वाचक, वारजे

उत्तर :

अंगठा दुखतो, हे वाक्य तुम्ही पत्रात ओझरतं लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं सुधारता येईल, पण हात दुखावून घेतला तर गिटार कित्येक महिने कोपऱ्यात पडून राहील. आज रात्रीपासून आठ-दहा दिवस बारे कॉर्ड, म्हणजे तर्जनी आडवी टाकून धरायची पकड, पूर्ण बंद करा. गिटार चालू ठेवा, फक्त ती पकड नको. तेवढ्यात दुखणं ओसरलं तर दोष पकडीत आहे असं समजा. सकाळी उठल्यावरही ठणकत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा वाटत असेल, तर हाताच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा, आणि जाताना गिटार बरोबर न्या. तुम्ही ती कशी धरता हे त्यांना प्रत्यक्ष दिसू दे. दुखऱ्या हातावर रियाज रेटला की हात तयार होतो, अशी एक जुनी समजूत आपल्याकडे आहे. ती मला अजिबात मान्य नाही.

अंगठा दुखतो तो बहुतेक वेळा चिमटा काढल्यासारखं धरल्यामुळे. पुढून बोटं दाबतात, मागून अंगठा दाबतो, आणि दोघं एकमेकांशी झगडत राहतात. खरा दाब किती लागतो ते एकदा बोटालाच कळू द्या. पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवर, गिटारच्या दांडीवरच्या (नेकवरच्या) पाचव्या धातूपट्टीच्या, म्हणजे फ्रेटच्या, अगदी लगत मधलं बोट नुसतं टेकवा. दाबू नका. उजव्या हाताने तार छेडत राहा. आधी मेलेला, टकटक आवाज येईल. आता दाब कणाकणाने वाढवा. खरखर ऐकू येईल, आणि मग एका क्षणी स्वर स्वच्छ निघेल. तिथे थांबा. एवढंच लागतं. मोठेपणी शिकायला लागलेली माणसं याहून कितीतरी जास्त जोर लावतात, कारण स्वर फुटेल अशी त्यांना सतत धास्ती असते. हाच प्रयोग मग अंगठा नेकवरून पूर्ण काढून घेऊन करा. उजवा हात गिटारच्या अंगावर विसावलेला असेल, गिटार छातीशी स्थिर असेल, तर डाव्या हाताच्या नुसत्या वजनाने स्वर निघतो. पहिल्यांदा तुम्हाला खरं वाटणार नाही. दोन-तीन दिवस पाच-पाच मिनिटं करून पाहा.

आडव्या बोटाबद्दल दोन गोष्टी, दहा दिवसांनी उपयोगी पडतील अशा. तर्जनी सपाट टाकू नका, अंगठ्याच्या बाजूला किंचित कलती ठेवा; त्या कडेला मांस कमी असतं आणि पेरांच्या वळ्यांत तारा रुतत नाहीत. आणि त्या कॉर्डमध्ये तर्जनीखालच्या नेमक्या कोणत्या तारा वाजायच्या आहेत ते आधी बघा. बी मायनरमध्ये दुसऱ्या फ्रेटवर बोट आडवं असलं तरी मधल्या तारा दुसरी बोटं धरतात. तिथे तर्जनीने दाबण्याचं काही कारणच नाही. सगळ्या सहा तारा सारख्याच दाबायला जाता म्हणून अंगठा शिक्षा भोगतो.

इतकं करूनही बोट झगडत असेल तर दोष वाद्याचाही असू शकतो. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. बाराव्या फ्रेटपासून पहिली तार साधारण ३ मिलिमीटर आणि सहावी साधारण ४ मिलिमीटर उंच असावी. स्वस्तातल्या गिटारवर ही उंची बरीच जास्त असते आणि विकणारा काही बोलत नाही. दुसरी खूण अशी, की तेच आडवं बोट पाचव्या फ्रेटवर टाकून पाहा. वर गेल्यावर थोडं सोपं सगळ्यांनाच वाटतं. पण दुसऱ्या फ्रेटवर जीव जातोय आणि पाचव्यावर अगदी लीलया जमतंय, इतका फरक असेल तर नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उंच असाव्यात. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून खात्री करून घ्या; तेव्हा सोपं गेलं तर दोष नटचा. नट आणि सॅडल (खालच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बेताने घासून उंची कमी करणं हे चांगल्या कारागिराचं नेहमीचं काम आहे. घरी कानस घेऊन बसू नका. पुण्याच्या हवेत ही उंची बारा महिने सारखीही राहत नाही. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, वरची फळी किंचित फुगते, तारा उंचावतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि भेग जाण्याची भीती असते. भिंतीवर टांगलेली गिटार छान दिसते, पण केसमध्ये ती जास्त सुरक्षित असते. हिंजवडीच्या पार्किंगमध्ये तापलेल्या गाडीत तर ती कधीच ठेवू नका.

आता सॉर. ही रचना त्याच्या ऑपस ३५ मधली बाविसावी; ऑपस म्हणजे संगीतकाराच्या छापील कामाचा क्रमांक. स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने १९४५ साली सॉरचे वीस स्टडी निवडून छापले, त्यात ती पाचवी आहे, म्हणून काही जण तिला पाचवा स्टडी म्हणतात. ऐकायला ती साधी वाटते. संथ, उदास, थोडेसेच स्वर. म्हणूनच गिटार शिकणाऱ्या कितीतरी जणांचा जीव तिच्यावर जडतो, तुमचाही जडला. पण वाजवताना दुसऱ्या फ्रेटवरचं आडवं बोट पहिल्यापासून पाठीशी असतं आणि पुन्हा पुन्हा येत राहतं. शिवाय तीन कामं एकाच वेळी चालतात: वरची धून गात राहिली पाहिजे, खालचा खर्ज टिकला पाहिजे, आणि मधले स्वर हलके राहिले पाहिजेत. तुमच्या आजच्या हाताला ती जड आहे. हे मी स्पष्ट लिहितेय, कारण सहा महिने तुम्ही हा जडपणा स्वतःच्या वयाच्या खात्यावर मांडत आलात. ग्रेड ३ च्या आसपासच्या कुणालाही, मग ते पंधरा वर्षांचं असो, तिथे घाम फुटतो.

ती सोडायची गरज नाही. पण ती 'चालू गाणं' म्हणून नको. पुढचे तीन-चार महिने त्यातले फक्त दोन-दोन बार, तेही हात ताजा असताना.

इथे तुमच्या रोजच्या तासाकडे यावं लागतं. तो तुम्ही प्रामाणिकपणे देता. अडीच वर्षं, खाडा न करता, नोकरी आणि घर सांभाळून. याबद्दल माझ्या मनात खरंच आदर आहे. म्हणूनच तो असा वाहून जाताना बघवत नाही. त्या तासात तुम्ही बहुतेक वेळ वाजवता, आणि सराव फार थोडा करता. रोज आतकरवाडीतून सिंहगड चढायला लागायचं, त्याच वळणावर दम लागला की खाली उतरायचं आणि पुन्हा पायथ्यापासून निघायचं, असं कुणी सहा महिने केलं तर पहिला टप्पा त्याला डोळे मिटून येईल आणि पुणे दरवाजा कधीच दिसणार नाही. तुमचे पहिले आठ बार तसेच झालेत. त्यांना आता सरावाची गरज नाही, आणि सगळा सराव त्यांनाच मिळतोय. त्याहून वाईट म्हणजे, नवव्याला थांबून मागे फिरण्याचाही पाठ रोज गिरवला जातोय. हात इमानी असतो. त्याला तुम्ही जे पुन्हा पुन्हा करायला लावता तेच तो शिकतो, थांबणंसुद्धा.

म्हणून उद्यापासून नवव्या बारपासूनच सुरुवात करा; आडवं बोट लागतं तेवढं मात्र ते आठ-दहा दिवस संपल्यावर. सुरुवात म्हणजे लगेच वाजवणं नाही. आधी कागदाकडे बघा. प्रत्येक स्वरावर कोणतं बोट येणार हे पेन्सिलने लिहिलंय का? डाव्या हाताचे १ ते ४ आकडे, उजव्याची पी, आय, एम, ए ही अक्षरं (अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका). माझा अंदाज आहे की तिथे काही लिहिलेलं नसेल, किंवा छापील खूण एक असेल आणि तुमचा हात कधी हे बोट टाकत असेल, कधी ते. शिकणाऱ्यांच्या अडखळण्याचं हे सगळ्यात मोठं कारण मला दिसतं. बोट ठरलेलं नसतं, म्हणून प्रत्येक वेळी त्या क्षणाला नव्याने ठरवावं लागतं, आणि ठरवता ठरवता लय सुटते. ठरवा, लिहा, आणि सरांनी बदलायला सांगेपर्यंत बदलू नका.

मग दोन्ही हात वेगळे करा. उजवा हात एकटा, मोकळ्या तारांवर, त्या बारचा छेडण्याचा क्रम. तो न बघता चालतोय का? मग डावा एकटा, आवाज न करता. आठव्या बारची शेवटची पकड धरा, सोडा, नवव्याची पहिली पकड धरा. इथे घाई न करता लक्ष एका गोष्टीवर ठेवा: सगळ्यात उशिरा कोणतं बोट पोचतंय? एकच बोट असतं, बहुधा करंगळी किंवा तिसरं. ते सापडलं की तुमचं काम एकदम लहान होतं. आता 'नववा बार येत नाही' ही तक्रार राहिली नाही. या बोटाला इथून तिथे जायला उशीर होतो, एवढीच ती उरली. पुढच्या वेळी तेच बोट आधी निघू द्या, बाकीची मागून येतील. काही वेळा मागच्या बारमध्ये ते बोट उगाच दाबून बसलेलं असतं आणि थोडं आधी उचललं तरी चालतं. काही वेळा एखादं बोट तारेवरून न उचलता घसरवत नेता येतं. हे बघायला सरांचे डोळे लागतील, पण कुठे बघायचं हे तुम्ही त्यांना सांगू शकाल.

मग दोन्ही हात एकत्र, आणि फक्त जोड. आठव्या बारचा शेवटचा ठोका आणि नवव्याचा पहिला. इतकंच. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, ५० वर, लागलं तर त्याहून कमी. ठाय लयीत वाजवताना एक सांभाळा: लांबवायचं ते दोन स्वरांमधलं अंतर. बोटाची हालचाल लांबवू नका. स्वर त्याच्या पूर्ण लांबीचा वाजू दे, तोवर पुढचं बोट कुठे पडणार ते मनात पक्कं करा, आणि बदल मात्र चटकन. संथ लयीत बोटं तरंगत नेली तर लय वाढवल्यावर ती हालचाल उपयोगाची राहत नाही, आणि मग लोक म्हणतात की सावकाश सराव करून फायदा होत नाही. सलग चार-पाच वेळा न अडखळता आलं की मेट्रोनोम थोडा पुढे. अडखळलं की मागे. एका जागेला पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. मग दुसऱ्या जागेकडे जा, नंतर तिसऱ्या, आणि पुन्हा पहिल्या जागेकडे या. परत आल्यावर ती थोडी बिघडलेली वाटेल आणि तुमचा विरस होईल. होऊ द्या. विसरलेलं पुन्हा आठवून काढताना जे पक्कं होतं ते सलग वीस वेळा घोटून होत नाही.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे: घरी येतं, सरांसमोर येत नाही. घरी तुम्हाला 'येतं' ते साधारण पाचव्या किंवा सहाव्या वेळी, हात गरम झाल्यावर, रात्री अकरा वाजता. सरांसमोर तुम्ही पहिल्यांदाच वाजवता, वारज्याहून गाडी चालवत येऊन, थंड हाताने. तो पहिला प्रयत्न असतो आणि पहिल्या प्रयत्नाचा सराव तुम्ही कधी केलेलाच नाही. म्हणून प्रगती मोजायची असेल तर माझं ऐका: रात्रीच्या शेवटच्या वेळेवरून मोजू नका, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या वेळेवरून मोजा. सकाळी गिटार काढली, सुरात लावली, आणि नववा बार एकदाच वाजवला. आला की नाही? वहीत तारीख, बार आणि लय लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी ती वही उघडाल तेव्हा दिसेल की ५० वर अडखळणारा बार ६० वर पहिल्याच वेळी येतोय. एवढी छोटी प्रगती रोजच्या रोज कानाला जाणवत नाही. म्हणूनच पुढे सरकत असतानाही माणसाला आपण जागच्या जागी आहोत असं वाटतं.

आठवड्यातून एकदा, शुक्रवारी रात्री म्हणा, एक रचना फोनवर रेकॉर्ड करा. एकदाच. चुकलं तरी थांबायचं नाही, मागे जायचं नाही. हे वेगळं कौशल्य आहे आणि ते वेगळंच शिकावं लागतं. रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका. शनिवारी सरांकडे जाण्याआधी ऐका. तोवर मन जरा निवळलेलं असतं.

वेळेचं काय करायचं? साडेदहाचा सलग तास मोडा. दिवसभर की-बोर्डवर चाललेले हात आणि थकलेलं डोकं घेऊन आडवं बोट गिरवणं म्हणजे अंगठ्याला आमंत्रण. सकाळी कुकर लावण्याआधी वीस मिनिटं मिळाली तर सगळ्यात अवघड काम तिथे करा, दोन-तीन जागा, बाकी काही नाही. नायलॉनच्या तारांचा आवाज मवाळ असतो. दार लोटून घेतलं तर घर जागं होत नाही. रात्री पंचवीस-तीस मिनिटं, त्यात सोपं आणि आवडीचं. एकूण वेळ तासापेक्षा कमी झाला तरी चालेल. दोन बैठकींच्या मध्ये दिवस किंवा रात्र गेली की शिकलेलं जास्त टिकतं, आणि नवीन हालचाल झोपेत पक्की होते हे मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिलंय. तेव्हा सरावासाठी झोप कापू नका.

हिंजवडीचा रस्ताही वापरता येईल. कंपनीच्या बसने जात असाल तर त्या चार बारचा फोटो फोनवर ठेवा आणि गिटारशिवाय वाजवा: कोणतं बोट, कोणती तार, कोणता फ्रेट, पुढचा स्वर कानात कसा वाजतो. जिथे चित्र धूसर होतं तिथेच हात अडखळतो, हे तुमच्या लक्षात येईल. वाकडच्या पुलाखाली बस अडकली असताना दहा मिनिटं असं केलंत तर संध्याकाळी फरक जाणवतो. स्वतः गाडी चालवत असाल तर मात्र हे करू नका. त्याऐवजी ऐका. एकच रचना वेगवेगळ्या वादकांची ऐका. सवाईला विलंबित ख्यालात बसलेला माणूस सम येईपर्यंत कसा धीर धरतो, तो धीर तुमच्या कानाला आधीपासून असणार. तोच इथे लावायचा. कधी जमलं तर कॅम्पात मझदा हॉलला पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफली होतात, तिथे जाऊन या. माइकशिवाय समोर बसलेलं वाद्य ऐकलं की स्वराचा दाणा म्हणजे काय ते कळतं. फोनच्या स्पीकरवर ते कधी कळणार नाही.

रात्रीच्या अर्ध्या तासात काय वाजवायचं? तुमच्या पातळीच्या खालचं. इथे मला सगळ्यांत जास्त विरोध होतो, विद्यार्थ्यांकडूनही आणि पालकांकडूनही, तरी मी मागे हटत नाही. अडीच वर्षांत तुम्ही मोजक्याच रचना केल्या असणार, प्रत्येक महिनोन्महिने घासून. त्यामुळे हात त्या रचनांपुरताच शिकलाय, आणि डोळ्याला नोटेशन वाचायची सवय लागलेली नाही. सॉरने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत नवशिक्यांसाठी २५ धडे लिहिले, ऑपस ६०. सुरुवातीचे धडे एकेरी स्वरांचे आहेत, तुम्हाला ते लाजिरवाणे सोपे वाटतील. त्यातला एक धडा आठवड्यात संपवायचा. नीट, गोल आवाजात, लयीत वाजवायचा आणि पुढे जायचं. संपवण्याची सवय लागायला हवी. ती तुमच्या हाताला कधी मिळालीच नाही. मागवताना एक काळजी घ्या: मॅटेओ कार्कासीच्या प्रसिद्ध स्टडींचाही क्रमांक ऑपस ६०, आणि तेही २५ च आहेत. ते सुंदर आहेत, पण बरेच पुढचे. नाव बघून घ्या. दोघांच्याही रचनांचे हक्क कधीच संपलेत, त्यामुळे जुन्या प्रती इंटरनेटवर मोफत मिळतात.

उजव्या हातासाठी पाच मिनिटं मावरो जुलियानी या इटालियन गिटारवादकाच्या ऑपस १ मधले प्रकार घ्या. १२० आहेत, आणि डाव्या हाताला सी आणि जी सेव्हन एवढ्या दोनच कॉर्ड, त्यामुळे सगळं लक्ष उजव्या हातावर राहतं. दिवसाला एक किंवा दोन. सगळे पुरे करायचा हट्ट नको.

वय. बारा वर्षांच्या मुलाचा हात लवचीक असतो हे खरं, पण त्याचा खरा फायदा वेगळा आहे: चुकलं तर त्याला काही वाटत नाही. तो चुकतो आणि वाजवत राहतो. तुम्ही चुकता आणि स्वतःवर रागावता, आणि रागावलेला हात आवळतो. तुमच्याकडे जे आहे ते त्याच्याकडे नाही. कुठे, का आणि कोणत्या बोटामुळे अडतंय हे तुम्ही शोधून लिहून ठेवू शकता. मोठी माणसं याच जोरावर शिकतात, आणि चांगली शिकतात. चाळिशीला सुरुवात करून मैफलीचा कलावंत होणं अवघड आहे, ते मी नाकारणार नाही. पण तो स्टडी तुम्हाला हवा तसा, स्वतःच्या घरात, दुखण्याशिवाय वाजवता येणं तुमच्या पूर्ण आवाक्यात आहे. दीड-दोन वर्षं लागतील. आणि मुलाशी स्पर्धा मांडण्याऐवजी त्याच्याबरोबर वाजवा. दोन गिटारसाठीच्या सोप्या रचना सरांकडून मागून घ्या. तुम्ही खालचा भाग, तो वरचा. दुसऱ्याबरोबर वाजवताना थांबता येत नाही, त्यामुळे तुमचा तो थांबण्याचा पाठ आपोआप पुसला जाईल. आईला आपण काही शिकवतोय याचा त्याला आनंद होईल तो वेगळाच.

परीक्षा या सत्रात नको. ग्रेडच्या परीक्षा वाईट नाहीत. काही जणांना तारखेचा धाक उपयोगी पडतो, आणि आता व्हिडिओ पाठवूनही ट्रिनिटीची परीक्षा देता येते. पण अंगठा दुखत असताना आणि पकड बदलायची असताना तारीख डोक्यावर घेतली की जुनी पकडच पक्की होते. सरांना हे असंच सांगा: अंगठा दुखतो, डाव्या हाताची पकड सुधारायची आहे, म्हणून एक सत्र थांबते. चांगला शिक्षक याला नाही म्हणणार नाही. अंगठ्याचं तुम्ही त्यांना अजून सांगितलेलं नसावं असं पत्रावरून वाटतं. येत्या शनिवारी क्लास सुरू होताच आधी तेच सांगा, आणि तो पूर्ण तास फक्त नवव्या बारवर आणि डाव्या हातावर घालवायची विनंती करा. नवीन रचना मागू नका.

सासूबाईंचं म्हणणं मला मनापासून पटतं. सहा महिने त्या घरात तेच आठ बार ऐकतायत! त्यांना आवडणारी एखादी भूपाळी किंवा अभंगाची चाल त्यांच्याकडूनच गाऊन घ्या आणि पहिल्या दोन-तीन तारांवर कानाने शोधा. आकडे नकोत, व्हिडिओ नको. त्यांच्या पट्टीत अडचण आली तर कॅपो लावा. चाल बसली की प्रत्येक समेवर खालची एखादी मोकळी तार अंगठ्याने द्या; पाचवी किंवा चौथी, कानाला जी जुळेल ती. त्यात आडवं बोट कुठेच लागत नाही, म्हणजे या दहा दिवसांतही करता येईल. आणि त्यांच्यासमोर वाजवाल तेव्हा तो तुमचा त्या दिवसाचा पहिला प्रयत्न असू द्या.